टेप किती उरली आहे?

मोबाइलमध्ये किती जागा शिल्लक आहे हे शाळकरी पोरही सांगतं. सेटिंग्जमध्ये गेलं की रंगीत पट्टी दिसते. फोटोंनी एवढी जागा खाल्ली, व्हिडिओंनी एवढी, बाकी मोकळी. हाच प्रश्न बॅकअप टेपबद्दल विचारला, तर सर्व्हर रूममध्ये उभी हयात घालवलेला माणूसही लगेच उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, ‘‘कुठला डेटा टाकणार आहात?’’ हा उलटा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो, पण तो अगदी बरोबर असतो. का, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

त्याआधी एक शंका दूर करायला हवी. टेप अजून कोण वापरतं? पुष्कळ जण वापरतात. बँका, विमा कंपन्या, चित्रपटांचे स्टुडिओ, संशोधन संस्था. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत कणांच्या टकरींचा जो डेटा निघतो, त्याचा कायमचा साठा टेपवरच असतो. २०१७ च्या जूनमध्ये हा साठा २०० पेटाबाइटच्या पुढे गेला. म्हणजे २ लाख टेराबाइट. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही, ती नेटवर्कला जोडलेली नसते, आणि रात्री सर्व्हरमध्ये घुसलेल्या खंडणीखोर व्हायरसचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही. एवढ्या गुणांवर तिने आपली जागा टिकवून धरली आहे.

आज बहुतेक ठिकाणी दिसते ती एलटीओ जातीची टेप. एचपी, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेलं हे मानक २००० साली बाजारात आलं. पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट मावायचे. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावतात. कार्ट्रिज हातात घेतलं तर तळहातावर बसेल एवढी चौकोनी डबी, जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. आत एकच चाक आणि त्यावर गुंडाळलेली अर्धा इंच रुंदीची टेप. एका कोपऱ्यात लहानसं सरकतं झाकण, त्याच्या आड टेपच्या टोकाला लावलेली धातूची पिन. ड्राइव्ह ती पिन पकडतो, टेप ओढून आपल्या पोटातल्या दुसऱ्या चाकावर गुंडाळत नेतो, आणि काम संपलं की सगळीच्या सगळी परत डबीत भरून डबी बाहेर ढकलतो.

गाण्यांच्या जुन्या कॅसेटला खिडकी असायची. डावीकडे किती, उजवीकडे किती, हे त्यातून दिसायचं आणि बाजू संपत आली की कळायचं. एलटीओचं कार्ट्रिज बाहेर येतं तेव्हा त्यात नेहमीच पूर्ण टेप असते. कोरं कार्ट्रिज आणि काठोकाठ भरलेलं कार्ट्रिज शेजारी ठेवा. रंग, वजन, आवाज, कशातही फरक सापडणार नाही.

ज्या काळात डोळ्यांनी कळत होतं, त्या काळातही गणित सोपं नव्हतं. आयबीएमने १९५२ साली ‘७२६’ हा टेप ड्राइव्ह आणला, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं टेप म्हणजे उघडं रीळ. पुढे रुळलेलं नेहमीचं रीळ २,४०० फुटांचं असे. टेप संपायच्या सुमारे २५ फूट आधी मागच्या बाजूला चमकदार अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी चिकटवलेली असायची. ती प्रकाशाच्या डोळ्यासमोर आली की परावर्तित उजेडाने यंत्राला कळायचं, आता आवरतं घ्या. उरलेल्या पंचवीस फुटांत चालू नोंद पूर्ण करायची, शेवटची खूण लिहायची आणि ऑपरेटरला दुसरं रीळ चढवायला सांगायचं. आधी इशारा आणि मग शेवट, ही पद्धत आजच्या टेपमध्येही टिकून आहे. फक्त चमकपट्टी गेली.

पण २,४०० फुटांत डेटा किती मावणार? इंचाला १,६०० बाइट या घनतेने हिशेब केला, तर २८,८०० इंचांत सुमारे ४६ मेगाबाइट. प्रत्यक्षात एवढे कधीच मावत नसत. टेप मोटारीने हलते. तिला थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला जागा लागते. म्हणून डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्यानंतर ०.६ इंच टेप कोरी सोडावी लागे. आता समजा एखाद्याने पंच कार्डाच्या मापाने ८०-८० बाइटचे गठ्ठे लिहिले. ८० बाइटना लागतो इंचाचा विसावा भाग, म्हणजे ०.०५ इंच, आणि त्यामागे ०.६ इंच कोरी जागा. तेराला एक असं प्रमाण! संपूर्ण रिळावर साडेतीन मेगाबाइट जेमतेम बसतात. तेच काम ८,००० बाइटचे गठ्ठे करून केलं, तर त्याच रिळावर ४१ मेगाबाइट बसतात. टेप तीच, यंत्र तेच, घनता तीच. लिहिणाऱ्याची पद्धत बदलली आणि क्षमता बारापट झाली. म्हणून रिळावर बोट ठेवून ‘अर्धं उरलंय’ म्हणणाऱ्या ऑपरेटरला फूट बरोबर कळत होते. मेगाबाइट कळायला गठ्ठ्याचं माप माहीत असावं लागे.

एलटीओमध्ये तर फूट मोजण्याचीही सोय राहिली नाही, कारण टेप एका दिशेने एकदाच भरत नाही. नवव्या पिढीची टेप १,०३५ मीटर लांब असते. तिच्या अर्ध्या इंच रुंदीत ८,९६० समांतर माग असतात. हेड एका वेळी ३२ माग लिहितं. टेपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३२ माग लिहून झाले, की हेड किंचित सरकतं आणि टेप उलट्या दिशेने धावायला लागते. परत येताना पुढचे ३२. अशा एकूण २८० फेऱ्या झाल्या की टेप भरली. मीटरचे किलोमीटर केले तर पुण्याहून मुंबईला जाऊन परत येण्याइतकं अंतर ती टेप हेडसमोरून धावलेली असते. पूर्ण वेगाने, सेकंदाला ४०० मेगाबाइट या दराने अखंड लिहिलं, तरी साडेबारा तास लागतात.

फेऱ्यांची संख्या सम आहे, याचा परिणाम मजेशीर आहे. शेवटची फेरी परतीची असते. म्हणजे टेप पूर्ण भरते त्या क्षणी हेड तिच्या सुरुवातीच्या टोकाशी उभं असतं. आणि पंधरा टक्के भरलेली टेपही त्याच टोकाशी उभी असू शकते. चाकावर किती टेप आहे यावरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. कितव्या फेरीत आहोत आणि त्या फेरीत कुठे आहोत, हे दोन्ही माहीत असेल तरच उरलेलं अंतर कळतं. एका फेरीत साधारण ६४ गिगाबाइट मावतात, तेव्हा फेरीचा आकडा चुकला तर चूक लहान नसते.

ही नोंद ठेवायला कार्ट्रिजच्या एका कोपऱ्यात नखाएवढी चिप बसवलेली असते. तिला बॅटरी नाही, तारही नाही. मेट्रोच्या स्मार्ट कार्डात असते त्याच प्रकारची रेडिओ लहरींवर चालणारी ही स्मरणचिप. पहिल्या तीन पिढ्यांत तिची धारणशक्ती ४ किलोबाइट होती, नवव्या पिढीत ३२ किलोबाइट आहे. अठरा टेराबाइटच्या टेपची सगळी कुंडली एवढ्याशा जागेत: कोणी बनवली, कधी बनवली, किती वेळा ड्राइव्हमध्ये गेली, आयुष्यभरात किती लिहिलं-वाचलं गेलं, शेवटची नोंद कुठे आहे, एकूण क्षमता किती आणि उरलेली किती.

तेव्हा टेपची उरलेली जागा विचारायची सरळ वाट म्हणजे ड्राइव्हमार्फत ही चिप वाचणं. लिनक्सवर ‘एसजी-थ्री युटिल्स’ या संचात त्यासाठी छोटी आज्ञा आहे. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांची निदान-सॉफ्टवेअरं तीच माहिती जरा नटवून दाखवतात. आज्ञा दिली की टेप जागची हलत नाही. एका ओळीत कमाल क्षमता येते, दुसरीत शिल्लक क्षमता. पुष्कळ जण मात्र ‘एमटी’ ही जुनी आज्ञा वापरून ‘स्टेटस’ विचारतात आणि बुचकळ्यात पडतात. त्यात कितवी फाइल, कितवा गठ्ठा, टेप लिहिण्यासाठी खुली आहे का, हे सगळं असतं. शिल्लक जागा नसते.

पहिल्यांदा चिप वाचणारा कमाल क्षमता बघून दचकतो. कार्ट्रिजवर १.५ टेराबाइट छापलेलं, आणि पडद्यावर आकडा १४ लाख ३० हजारांच्या आसपास. सत्तर हजार मेगाबाइट कुठे गेले? कुठेही नाहीत. छापील आकडा दशमान पद्धतीचा, दहा लाख बाइटचा एक मेगाबाइट. चिप मोजते ती १०,४८,५७६ बाइटच्या मापाने. दोन्ही आकडे खरे आहेत. पण एका मापातला बॅकअप दुसऱ्या मापातल्या शिल्लकीशी ताडून पाहिला, तर पाच टक्क्यांची चूक होते आणि अठरा टेराबाइटच्या टेपवर ती जवळजवळ एका टेराबाइटची होते.

आता त्या उलट्या प्रश्नाकडे येऊ. चिप जी शिल्लक सांगते ती निव्वळ असते, डेटा अजिबात दाबला जाणार नाही असं धरून सांगितलेली. प्रत्यक्षात ड्राइव्ह लिहिता लिहिता डेटा दाबत असतो. कार्ट्रिजच्या वेष्टनावर दोन आकडे छापलेले दिसतात ते यामुळेच. पाचव्या पिढीपर्यंत कंपन्या दुप्पट दाब धरून दुसरा आकडा छापत होत्या; सहाव्या पिढीपासून अडीचपट धरतात. म्हणून १८ टेराबाइटच्या कार्ट्रिजवर ४५ हा आकडाही दिमाखात झळकतो. माझं स्पष्ट मत आहे की खरेदीच्या वेळी हा मोठा आकडा हाताने झाकून ठेवावा. तो आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी डेटाचा आहे.

एक उदाहरण मांडून बघू. पाचव्या पिढीची टेप आहे. बॅकअपचा गठ्ठा २५६ किलोबाइटचा ठेवला आहे. टेपच्या शेवटच्या नोंदीपाशी जाऊन गठ्ठ्याचा क्रमांक विचारला तर तो ३० लाख आला. म्हणजे सर्व्हरने आजवर सुमारे ७८६ गिगाबाइट पाठवले. आता चिप वाचली. कमाल १४,३०,५११, शिल्लक ९,३०,०००. वजाबाकी करून गिगाबाइटमध्ये आणलं तर टेपवर ५२५ गिगाबाइटची जागा वापरली गेली. ७८६ चा डेटा ५२५ च्या जागेत बसला, म्हणजे दीडपट दाब. शिल्लक निव्वळ जागा ९७५ गिगाबाइट. असाच डेटा पुढेही आला तर जवळपास १.४६ टेराबाइट मावेल.

‘असाच डेटा’ हे दोन शब्द महत्त्वाचे. नागरी सहकारी बँकेच्या खातेवह्यांचा डेटाबेस असेल तर त्यात रिकामे रकाने, तेच ते शब्द, तीच ती शून्यं. तो छान दाबला जातो. उद्यापासून त्याच बॅकअपमध्ये चेकची स्कॅन केलेली चित्रं आणि सीसीटीव्हीचं चित्रण आलं, की खेळ बदलतो. चित्र आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. ड्राइव्हने कितीही जोर लावला तरी त्यातून आणखी जागा निघत नाही. सर्व्हरवरच डेटा कूटबद्ध करून मग टेपकडे पाठवला तरी तेच होतं, कारण कूटबद्ध डेटात पुनरावृत्ती उरतच नाही आणि दाबण्याचं सगळं काम पुनरावृत्तीवर चालतं. चौथ्या पिढीपासून ड्राइव्ह स्वतः कूटलेखन करू शकतो. तो आधी दाबतो आणि मग कुलूप लावतो, त्यामुळे जागा वाचते. क्रम उलटा केला की दीड टेराबाइटची आशा ९७५ गिगाबाइटवर येते.

निव्वळ शिल्लकही दगडावरची रेघ नाही. एलटीओ ड्राइव्ह लिहिल्याबरोबर, त्याच धावेत, मागच्या वाचक हेडने लिहिलेलं तपासतो. काही नीट उमटलं नसेल तर मागे जाऊन दुरुस्ती करत बसत नाही. तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. टेपवर धूळ असेल, हेड मळलं असेल, टेप म्हातारी झाली असेल, तर हे पुन्हा लिहिणं वाढतं. बॅकअप यशस्वी होतो, कुठेही लाल दिवा लागत नाही, फक्त नेहमीपेक्षा टेप लवकर संपते. या गुपचूप गळतीकडे फार थोड्या लोकांचं लक्ष असतं आणि ते असायला हवं असं मला तळमळीने वाटतं.

कधी कधी तर एकाच कार्ट्रिजच्या दोन क्षमता असतात. सातव्या पिढीचं कोरं कार्ट्रिज सातव्या पिढीच्या ड्राइव्हमध्ये घातलं तर त्यावर ६ टेराबाइट मावतात. तेच कोरं कार्ट्रिज आठव्या पिढीच्या ड्राइव्हमध्ये विशिष्ट पद्धतीने सिद्ध केलं, तर ९ मावतात. टेपवरचा चुंबकीय थर तोच. नवा ड्राइव्ह त्यावर जास्त दाटीने माग आखतो. अशा कार्ट्रिजच्या बारकोडच्या शेवटी ‘एम-८’ अशी खूण असते. ती न बघता नुसत्या कार्ट्रिजच्या जातीवरून हिशेब करणारा तीन टेराबाइटने चुकतो.

बॅकअप सॉफ्टवेअरची स्वतःची वही वेगळीच. बॅक्युलासारखं सॉफ्टवेअर आपल्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक टेपवर आपण किती बाइट पाठवले ते लिहून ठेवतं आणि टेपला एक अवस्था देतं: अजून भर घालता येईल, भरली, जुनी झाली म्हणून पुन्हा वापरता येईल. हे बाइट दाबण्याआधीचे, त्यामुळे दीड टेराबाइटच्या टेपवर २.१ टेराबाइट लिहिले गेल्याची नोंद दिसू शकते आणि ती बरोबरच असते. आयबीएमचं स्टोरेज प्रोटेक्ट, २०२३ पर्यंतचं स्पेक्ट्रम प्रोटेक्ट आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून टीएसएमच, टेपपुढे ‘अंदाजे क्षमता’ असा रकाना दाखवतं. टेप भरत असते तोवर तो आकडा ड्राइव्हच्या जातीवरून धरलेला असतो. टेप भरल्याचा निरोप आला की प्रत्यक्षात जेवढं लिहिलं गेलं तोच आकडा तिथे येऊन बसतो. अमांडा या सॉफ्टवेअरबरोबर येणारी एक आज्ञा टेपची क्षमता मोजून देते. कशी? टेप अथपासून इतिपर्यंत भरून. आपल्या डेटाच्या मापात टेप किती मोठी होती, हे ती संपल्यावरच खात्रीने कळतं. त्याआधी जे काही कळतं तो चांगला किंवा वाईट अंदाज.

मग एक शंका येते. शिल्लक कमी दिसते तर जुना डेटा पुसून जागा का करू नये? डिस्कवर आपण तेच करतो. टेपवर ते होत नाही. टेपवर फक्त शेवटच्या नोंदीच्या पुढे भर घालता येते. मधला एखादा बॅकअप नकोसा झाला, तर कॅटलॉगमधून त्याचं नाव काढता येतं. टेपवरचा त्याचा भाग जागच्या जागी राहतो आणि ती जागा परत मिळत नाही. मधेच जाऊन लिहायला सुरुवात केलीच, तर नव्या लिखाणाचा शेवट हाच टेपचा शेवट ठरतो. त्यापुढचा जुना डेटा चुंबकीय रूपात तिथे असला तरी ड्राइव्ह तो वाचू देत नाही.

यातूनच टेपवरचा सगळ्यात वाईट अपघात घडतो. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. एका नावाने काम केलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केलं की ती आहे तिथेच थांबते. नावांत फरक एका अक्षराचा, ‘एसटी’ आणि ‘एनएसटी’. शिल्लक किती, हे बघायला कोणी पहिल्या नावाने टेपला काही विचारतो, उत्तर मिळतं, टेप निमूटपणे सुरुवातीला जाते. मग तो रात्रीचा बॅकअप हाताने सुरू करतो आणि तो बॅकअप पहिल्या इंचापासून लिहिला जातो. पहिल्या मिनिटालाच मागचे सगळे आठवडे गेले. शिल्लक बघायचीच असेल तर चिप वाचा, टेप हलवू नका, असं मी सांगतो ते यासाठी. मोठी सॉफ्टवेअरं लिहिण्याआधी टेपवरचं लेबल आणि जागा तपासून घेतात. हाताने दिलेल्या आज्ञांना तो पहारा नसतो.

नकोशा भागांची जागा परत मिळवायचा एकच रस्ता आहे. टेपवरचा कामाचा डेटा दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायचा आणि पहिली पूर्ण कोरी मानून पुन्हा वापरायची. टीएसएममध्ये ठरावीक टक्क्यांहून जास्त भाग नकोसा झाला की हे काम आपोआप सुरू करता येतं. सर्नमध्येही जुन्या टेपांवरचा डेटा नव्या, दाट टेपांवर उतरवण्याचं काम चालत आलं आहे. त्यासाठी ड्राइव्ह लागतात, वेळ लागतो, आणि म्हणून हे खर्चिक असतं.

टेपचा हा ताठरपणा मला दोष वाटत नाही. २०११ च्या फेब्रुवारीअखेर गूगलने जीमेलच्या साठवणीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. तिच्यातल्या दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के लोकांना आपले इनबॉक्स रिकामे दिसू लागले. गूगलकडे प्रत्येक मेलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरांत होत्या, पण दोष सॉफ्टवेअरचाच असल्याने या लोकांच्या प्रती सगळीकडूनच गेल्या. मेल परत आले ते टेपवरून. कुठल्याही डिस्कवर चुकीची आज्ञा क्षणात पसरते. कपाटातल्या टेपपर्यंत ती पोचायला कोणाला तरी उठून टेप ड्राइव्हमध्ये घालावी लागते. पुसून जागा मोकळी करता येत नाही ही गैरसोय आणि पुसून डेटा नाहीसा करता येत नाही हे संरक्षण, दोन्ही एकाच स्वभावातून आलेली आहेत.

२०१० साली पाचव्या पिढीबरोबर एलटीएफएस आलं आणि टेप पेन ड्राइव्हसारखी दिसू लागली. फोल्डर उघडायचा, फाइल ओढून टाकायची. टेपचे दोन विभाग करून छोट्यात फाइलींची सूची आणि मोठ्यात डेटा ठेवायचा, अशी त्याची रचना. चित्रपट आणि टीव्हीच्या लोकांनी ती उचलून धरली. यात शिल्लक जागा नेहमीच्या आज्ञेने दिसते आणि ती बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. मात्र विभागणीसाठी काही फेऱ्या खर्ची पडतात, त्यामुळे दीड टेराबाइटच्या टेपवर सुरुवातीलाच १.४ च्या आसपास दिसतं. आणि फाइल डिलीट केली की ती यादीतून जाते, पण शिल्लक वाढत नाही. नव्याने एलटीएफएस वापरणाऱ्यांना तेव्हा काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. बिघडलेलं काही नसतं.

एवढं सगळं मोजूनही टेप संपायची ती रात्रीच संपते. पूर्वीच्या चमकपट्टीच्या जागी आता ड्राइव्ह स्वतः इशारा देतो: शेवट जवळ आला, हातातलं पुरं करा. सॉफ्टवेअर चालू गठ्ठा आणि समाप्तीची खूण लिहून टेप बंद करतं आणि दुसरी मागतं. टेप लायब्ररी असेल तर यंत्राचा हात दुसरी टेप आणून घालतो आणि कोणाला काही कळतही नाही. एकच ड्राइव्ह असलेल्या लहान कार्यालयात मात्र पडद्यावर ‘पुढची टेप घाला’ अशी ओळ उमटते आणि सकाळी कोणी येईपर्यंत तशीच राहते. तोवर कामकाज सुरू झालेलं असतं, सर्व्हर मंदावलेला असतो आणि आदल्या रात्रीचा बॅकअप अर्धा असतो. शिवाय एक बॅकअप दोन टेपांवर पसरला, की तो परत आणायला दोन्ही शाबूत लागतात. माझ्या मते लहान कार्यालयाने निव्वळ क्षमतेवरच नियोजन करावं आणि चिपमधली निव्वळ शिल्लक रात्रीच्या बॅकअपच्या न दाबलेल्या आकारापेक्षा कमी झाली, की त्या संध्याकाळीच कोरी टेप लावावी. थोडी टेप वाया जाईल. पण टेपची किंमत आणि एका हुकलेल्या बॅकअपची किंमत यांची तुलनाच होत नाही.

चिप वाचायची योग्य वेळही ठरलेली आहे. टेप ड्राइव्हमध्ये असताना ताजा हिशेब ड्राइव्हच्या स्मृतीत असतो. टेप बाहेर काढताना तो चिपवर उतरवला जातो. मधेच वीज गेली तर चिपवरची नोंद जुनी राहू शकते, आणि पुढच्या वेळी ड्राइव्हला शेवटची नोंद टेपवर हुडकत फिरावं लागतं. तशी टेप एरवीपेक्षा बराच वेळ घेते आणि इशाऱ्याचा संदेश देते. म्हणून बॅकअप संपल्यावर टेप रीतसर बाहेर काढावी, पुन्हा घालून शिल्लक वाचावी आणि टेपच्या बारकोडपुढे वहीत लिहावी. पाठवलेला डेटा एका रकान्यात, खर्ची पडलेली निव्वळ जागा दुसऱ्या रकान्यात.

चार-सहा महिन्यांत या वहीतून आपल्या डेटाचा दाब किती हे कळतं, तेही कंपनीच्या छापील आकड्याशिवाय. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वेगळी वागणारी टेप उठून दिसते. तोच डेटा, तोच ड्राइव्ह, आणि एकच टेप बाकीच्यांपेक्षा आठ-दहा टक्के जास्त जागा खात असेल, तर पुन्हा लिहिण्याची ती गुपचूप गळती तिथे चालू आहे. तिच्यावरचा डेटा आधी दुसऱ्या टेपवर घ्यावा आणि तिला चक्रातून काढावं. सगळ्याच टेपा जास्त खाऊ लागल्या असतील तर दोष टेपांचा नाही, हेड मळलं आहे. त्यासाठी स्वच्छतेचं वेगळं कार्ट्रिज मिळतं. ते घातलं की ड्राइव्ह मिनिटा-दोन मिनिटांत हेड पुसून घेतो. त्या कार्ट्रिजचं आयुष्यही ठरलेलं, बहुधा ५० वेळा. आणि त्यातल्या किती वेळा झाल्या याची मोजदाद त्याच्या कोपऱ्यातल्या चिपमध्ये होत असते.